शिवराई चिंचेने घासू नका!
जुनी नाणी जमवायची तर शिवराईपासून, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यापासून सुरुवात करा, असा सल्ला नवशिक्यांना देतात तो एकदम पटलाय, होनाच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्याच्या नादी नवशिक्याने लागूच नये, नकली फार. पण 'घरी आणली की चिंचेने चकचकीत करा' असंही सांगतात, ते मात्र अजिबात नको राव! मी केलंय ना. पहिलीच शिवराई, आईची तांब्याची भांडी निघतात तशी निघेल म्हणून चिंच-मीठ लावून घासली, निघाली की लखलखीत, पण वरचा काळपट-हिरवा थर गेला आणि मागच्या बाजूच्या 'छत्रपति'मधला आधीच पुसट असलेला 'ति' पण गेला, आता दाखवली की डीलर नुसता हसतो. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-चार दिवस बुडवून ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, घासायचं नाही. आणि हो, नाणी ठेवायला पीव्हीसीची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) पाकिटं टाळा, त्यात तांब्यावर हिरवा चिकटा येतो.