‘टिट फॉर टॅट’ला ‘जशास तसे’ म्हणावं का?

विचारणा : गेम थिअरीवर (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणितावर) मराठीत लिहितोय. त्यातल्या ‘टिट फॉर टॅट’ या डावपेचासाठी ‘जशास तसे’ वापरलं, पण त्यात सूडच ऐकू येतो. सूडातून सहकार्य कसं उगवणार? ‘अरेला कारे’, ‘फिटंफाट’, ‘परतफेड’ यांतलं काही चालेल? आणि ‘डिफेक्ट’ला, म्हणजे सहकार्य न करण्याच्या चालीला, ‘असहकार’ म्हणू का?

– ‘अरेला कारे’ नकोच. तिथे समोरच्याने आधी कुरापत काढलेली असते. या डावपेचाची पहिली चाल सहकार्याची. पुढे समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच आपण करायचं. म्हणजे चांगल्याला चांगलं, हेही त्यात आलंच. आणि सूड म्हणावा तर हा गडी समोरच्यावर कधीच मात करत नाही! रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञांच्या पहिल्या संगणक-स्पर्धेत प्रोग्रॅम एकमेकांशी खेळले, दर सामना २०० फेऱ्यांचा. दोघांनी सहकार्य केलं तर ३-३ गुण, दोघांनी दगा दिला तर १-१, एकानेच दिला तर त्याला ५ आणि दुसऱ्याला भोपळा. कायम दगा देणाऱ्यापुढे ‘जशास तसे’ १९९ विरुद्ध २०४ असं हरतं. पण आपल्यासारखाच जोडीदार भेटला की दोघांचे ६००-६००. एकूण बेरजेत गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट यांचा हा एवढासा प्रोग्रॅम पहिला आला. दुसऱ्या स्पर्धेत तो निकाल माहीत असूनही ६२ जण उतरले, तरी पुन्हा हाच जिंकला.

– ‘असहकार’ला माझा ठाम विरोध. असहकार सांगून-सवरून करतात. इथे दोघं एकाच वेळी चाल ठरवतात, दुसऱ्याची चाल आधी कळत नाही. सरळ ‘दगा’ म्हणा. ‘कोऑपरेशन’ला ‘सहकार’ही टाळा, पतपेढी डोळ्यांपुढे येते, ‘सहकार्य’ बरं.

– ‘फिटंफाट’ तर नेमकं उलटं आहे. फिटंफाट झाली की हिशेब मिटला, तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. पुन्हापुन्हा खेळायच्या डावात खातं मिटत नाही, आणि सहकार्य टिकतं ते त्यामुळेच. ‘परतफेड’ अर्थाने जवळची आहे, बऱ्याची होते तशी वाइटाचीही. पण तिला कर्जाचा वास येतो. माझं मत ‘जशास तसे’लाच; फक्त पहिल्यांदा वापरताना ‘सुरुवात सहकार्याने’ एवढं जोडा.

– एक भर. समजा दोघंही जशास तसे खेळताहेत आणि पाचव्या फेरीत एकाच्या हातून चुकून दगा झाला. सहाव्यात दुसरा वचपा काढतो, त्याच वेळी पहिला सहकार्यावर परतलेला असतो. सातव्यात पुन्हा पहिल्याचा दगा. नवी चूक होईपर्यंत हे आळीपाळीने चालूच, आणि सरासरी ३ वरून अडीचवर येते. यावर मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड या गणिती संशोधकांनी १९९२ मध्ये उदार प्रकार मांडला : समोरच्याच्या दग्याकडे मधूनमधून काणाडोळा करायचा. वरच्या गुणांना तीन दग्यांमागे साधारण एक माफ, हे प्रमाण बसतं. त्याला ‘दिलदार जशास तसे’ म्हणता येईल. ऐकायला विचित्र आहे खरं, पण कळतं.

विचारणाऱ्याकडून : ‘जशास तसे’ आणि ‘दगा’ ठेवतो. ‘रिपीटेड गेम’ला ‘पुनरावृत्त खेळ’ चालेल ना?

– चालेल, पण तेवढ्याने भागत नाही. किती फेऱ्या ते दोघांना आधीच ठाऊक असेल, तर शेवटच्या फेरीत दगा द्यायला कुणाची आडकाठी? मग शेवटून दुसरीतही तेच, आणि असं मागे मागे येत पहिल्या फेरीपर्यंत सगळं कोसळतं. म्हणून ‘शेवट ठाऊक नसलेला पुनरावृत्त खेळ’ असं लांबलचक का होईना, पण लिहा. वरच्याच गुणांना पुढची फेरी होण्याची शक्यता निदान दोन-तृतीयांश असेल, तर जशास तसे वागणाऱ्यांत घुसलेल्या दगाबाजाला त्यांच्याहून जास्त मिळत नाही. ‘पुनरावृत्त’ या एका शब्दात ही अट मावत नाही.