मदत हवी आहे: भाच्याचं इन्सुलिन चोरून चालू आहे, दाजींना खरं सांगावं का?

नमस्कार, आयडी नवीन काढलाय कारण घरातले एकदोघं इथे वाचतात. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ताईचा मुलगा ९ वर्षांचा. गेल्या दिवाळीत त्याला टाइप वन डायबेटिस निघाला, म्हणजे अंगात इन्सुलिन बनणंच जवळजवळ बंद. आठ दिवस सारखं पाणी पाणी, रात्री चारचारदा उठणं, आम्हाला वाटलं फराळाचं गोड जास्त झालं असेल, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उलट्या आणि श्वास असा खोल की बघवेना. पाच दिवस आयसीयू. तेव्हापासून दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं.

दाजी वाईट नाहीत हे आधीच सांगते. ते पाच दिवस आयसीयूबाहेरच्या बाकड्यावरून हलले नव्हते. पण घरी आल्यावर पोराला सुई टोचायची वेळ झाली की ते चप्पल घालून बाहेर जायचे. जानेवारीत मित्राने एका महाराजांच्या गुरुवारच्या दरबाराला नेलं, अंगारा आणि मंतरलेलं पाणी सुरू झालं, आणि नेमकं त्याच महिन्यात डॉक्टरांनी डोस जवळजवळ निम्म्यावर आणला. झालं. महाराजांची कृपा! पाडव्यानंतर महाराज म्हणाले, एक पाय सुईवर आणि एक पाय माझ्या दारात असं चालणार नाही, ४१ दिवस सुई बंद. दाजींनी इन्सुलिनची पेनं कचऱ्यात टाकली.

ताईने तिसऱ्या तासाला शेजारच्या काकूंकडून पैसे उसने घेऊन नवीन पेनं आणली. ती आता काकूंच्याच फ्रीजमध्ये असतात, मेथीच्या जुडीखाली डब्यात. दाजी दुकानात असले की दिवसाची इंजेक्शनं तिकडे, रात्रीचं बाथरूममध्ये. मागच्या रविवारी मी गेले होते तर आत नळ धो धो सोडलेला आणि पोरगं शर्ट खोचत बाहेर आलं. मला हळूच म्हणतो, मावशी पप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल. घाईत डोस कधी कमी पडतो कधी राहतोच. शुगर मोजायच्या मशीनच्या मेमरीत बघितलं, ३१२, २८७, ३४०, एकदा तर आकडाच नाही, नुसतं "हाय", म्हणजे मशीनला मोजता येईना इतकी जास्त.

आता खरी अडचण. ४१ दिवस झाले, पोरगं उभं आहे, म्हणून दाजींनी त्याला दरबारात नेऊन सगळ्यांसमोर उभं केलं, हार घातला, इंजेक्शन बंद करून बघा कसा ठणठणीत आहे म्हणाले. व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. परवा एक जोडपं त्याला बघायला घरी आलं, त्यांच्या मुलीला फिट येतात. गोळ्या एकदम बंद करायच्या की हळूहळू, असं विचारत होते. ताईने चहा दिला आणि गप्प बसली.

म्हणजे ताई चोरून जगवतीये आणि नाव महाराजांचं होतंय. सांगितलं तर दाजी ती पेनंही फेकतील अशी भीती, नाही सांगितलं तर त्या मुलीचं काय. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की मधल्या सुट्टीतलं कोण देणार? कायद्याने काही होतं का? पोलीस केस करून ताईचा संसार मोडायचा नाहीये.

रेवा_आई: माझी मुलगी ७ वर्षं टाइप वन आहे. जानेवारीत डोस कमी झाला त्याला डॉक्टर हनिमून पिरियड म्हणतात. निदानानंतर काही महिने स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी जरा काम करतात, मग तेही थांबतं. आम्हीही तेव्हा पेढे वाटले होते, म्हणून दाजींना हसणार नाही. पण "हाय" आलं आणि सोबत उलटी, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला फळांसारखा वास, यातलं काहीही असेल तर दाजी काय म्हणतील याचा विचार न करता थेट हॉस्पिटल. तासांचा खेळ असतो. लघवीतले किटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साचणारं आम्ल) बघायच्या पट्ट्या घरात ठेवा. इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिलं, त्याआधी ही मुलं जगतच नव्हती, आणि नवस अंगारे तेव्हाही होतेच की.

जुना_वकील: २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात उपचार रोखण्याचं कलम आहे पण ते साप, विंचू, कुत्रा चावल्याबद्दल. मात्र चमत्काराच्या नावावर फसवून पैसे घेणं त्यात बसतं, दरबारात पावती फाडतात का ते बघा. १९५४ च्या जाहिरातींच्या कायद्यात मंत्र, ताईत, कवच यांनी डायबेटिस बरा होतो अशी जाहिरात करायला बंदी आहे, तेव्हा तो व्हिडिओ सेव्ह करून ठेवा. मुलासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. तिथून प्रकरण बालकल्याण समितीकडे जातं, समिती आईबापांना बोलावून समज देऊ शकते, दरवेळी तुरुंगच असं नाही. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये जाणूनबुजून हेळसांडीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे दाजींच्या कानावर असू द्या.

टूवूंबाकर: मी ऑस्ट्रेलियात असतो. आमच्या गावात २०२२ च्या जानेवारीत ८ वर्षांची मुलगी अशीच गेली, देव बरं करणार म्हणून इन्सुलिन बंद केलेलं आणि सगळा गट भोवती प्रार्थना करत बसलेला. आईबापांसकट १४ जण दोषी ठरले. तिच्याकडे शेजारच्या फ्रीजमध्ये काही नव्हतं. ताईंना सांगा, त्या खोटारड्या नाहीत.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, रेवाच्या आईचा रिप्लाय ताईला वाचून दाखवला, ती हनिमूनचं ऐकून कितीतरी वेळ रडली. ठरलं ते असं. शनिवारी डॉक्टरांकडे, दाजींना म्हणायचं की महाराजांच्या कृपेचा रिपोर्ट काढू, म्हणजे परत खोटंच. पण खरं काय ते डॉक्टर सांगतील, मशीनची मेमरी समोर ठेवून, मी आणि काकू सोबत असू. फिटवाल्या मुलीच्या आईला मात्र ताईने शनिवारची वाट न बघता आजच फोन केला. ती म्हणाली, आम्ही गोळ्या कालपासून अर्ध्या केल्यात. ताईने तिला फ्रीजचं सगळं सांगितलं. आता ती दाजींना सांगेल की काय माहीत नाही.

एक विचारायचं राहिलं, तीन महिन्यांच्या सरासरीची ती एचबीएवनसी टेस्ट असते तिला उपाशीपोटी न्यावं लागतं का?

रेवा_आई: नाही. कधीही चालते. ग्लुकोज पावडर नाहीतर साखर बरोबर ठेवा, वाटेत शुगर कमी झाली तर.