मदत हवी आहे: इन्हेलरची चित्रं देऊनही रुग्ण कॅप्सूल गिळतात!

खडूपाटी
नमस्कार. घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. इन्हेलर कसा घ्यायचा याचं चित्रपत्रक केलंय. एकच पान, चित्रं स्वच्छ, अक्षर मोठं. तरी लोक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून मोकळे होतात आणि पुढच्या भेटीला येऊन "औषध लागू पडत नाही" म्हणतात. चित्रात काय बदलू? सोमवारी छपाईला द्यायचंय. "नीट समजावून सांगा" हा सल्ला कृपया नको, ते रोज करतेच.

डॉ_बिनचष्म्याचा
पत्रकात इन्हेलर हलवायचं दाखवलंय का? नेमकं तेच सुटतं. हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, कळ दाबतानाच सावकाश श्वास आत घ्या, दहा सेकंद रोखा. आणि स्पेसर, म्हणजे यंत्र आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, द्या. निम्मी कटकट मिटेल.

उंबरठा
डॉक्टर, ताई कॅप्सूल म्हणतायत. फवाऱ्याच्या पंपात कॅप्सूल कुठून आली?

खडूपाटी
पावडरचा आहे अर्थातच, कॅप्सूल यंत्रात घालून तिच्यातली पावडर श्वासानं ओढायची. वर कॅप्सूल लिहिलंय की.

डॉ_बिनचष्म्याचा
नुसतं 'इन्हेलर' म्हटलं की निम्म्या जगाच्या डोळ्यांसमोर पंपच येतो, तुमच्या रुग्णांच्याही येत असणार. पावडरचं तंत्र जवळपास उलटं. हलवायचं नाही, श्वास जोरात आणि खोल ओढायचा, आणि यंत्रात फुंकायचं तर मुळीच नाही, ओल लागली की पावडरीच्या गुठळ्या होतात. बरं, तुमचा पिळून कॅप्सूल उघडायचा प्रकार आहे की कळा दाबून टोचायचा?

खडूपाटी
टोचायचा. त्यानं काय फरक पडतो? लोक तिथवर पोचतच नाहीत, आधीच गिळतात.

निळीशाई
मी वैद्यकीय चित्रंच काढते, म्हणून विचारते. एकूण चित्रं किती? एका ओळीत की दोन रांगांत? आकडे आहेत का? रंगीत छापणार की झेरॉक्स? आणि मुख्य म्हणजे कॅप्सूल कुठल्या चौकटीत आहे आणि तिच्या शेजारच्या चौकटीत काय आहे? फोटो टाकता आला तर उत्तम.

खडूपाटी
फोटो चढत नाहीये, दोनदा 'फाइल मोठी आहे' म्हणालं. चित्रं आठ, दोन उभ्या रांगांत. आकडे नाहीत, क्रम उघड आहे. पहिल्या चौकटीत तळहातावर कॅप्सूल, मोठी काढलीय म्हणजे दिसावी. शेजारी चेहरा, तोंड उघडं, आत जाणारा बाण.

निळीशाई
सापडलं! तुम्ही वाचता वरून खाली, मग दुसरी रांग. तुमचा रुग्ण वाचतो डावीकडून उजवीकडे, मजकुरासारखं. त्याला दिसतं ते एवढंच: हातात कॅप्सूल, उघडं तोंड, बाण आत. आयुष्यभर कॅप्सूल गिळलेल्या माणसानं यातून दुसरं काय समजावं?
आकडे घाला, आणि मोठे घाला. पण नुसत्या आकड्यांवर विसंबू नका. कॅप्सूल आणि तोंड शेजारी येताच कामा नये. कॅप्सूल तळहातावर एकटी दाखवूच नका, पहिल्यापासून यंत्राच्या कप्प्यात अर्धी शिरलेली दाखवा. पुढे कप्प्याचं झाकण बंद. त्यानंतर तोंडाशी येईल ते यंत्र, कॅप्सूल नव्हे.

तिरपागडा
एवढा खटाटोप कशाला? एआयला सांगा, पाच मिनिटांत फोटोसारखी चित्रं. नाहीतर व्हिडिओ करा, आजकाल वाचतो कोण.

निळीशाई
२०२४ च्या फेब्रुवारीत एका विज्ञान नियतकालिकातला शोधनिबंध मागे घ्यावा लागला. एआयनं काढलेल्या उंदराला अशक्य आकाराचे अवयव आणि निरर्थक लेबलं होती, आणि ते तपासणाऱ्यांच्या हातून सुटलं. इन्हेलरची कळ चुकीच्या बाजूला निघाली तर रुग्ण ती कुणाकडे तपासून घेणार?

तिरपागडा
एक उंदीर धरून बसलात. तपासून वापरा म्हणतोय मी. शिवाय फोटो असला की माणसाला वस्तू ओळखता येते, तुमच्या रेघांत ती शोधावी लागते.

निळीशाई
यंत्र ओळखण्यापुरता एक फोटो जरूर द्या. पण कृतीच्या फोटोत शर्टाची बटणं, घड्याळ, मागची खुर्ची, सगळं सारख्याच जोरानं दिसतं. रेघेत नको ते गाळता येतं. वैद्यकीय चित्रकार मुळात त्याचीच मजुरी घेतो.

जुनाखोडकर
अवांतर, पण राहवत नाही. १८५८ च्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकाची चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. त्यांनी अवयवांची नावं शक्य तिथे थेट अवयवावरच लिहिली. चित्रात 'क' पाहा आणि 'क' म्हणजे काय ते खाली शोधा, ही विद्यार्थ्यांची वणवण वाचली. हेच कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला होते. आणि वैद्यकीय चित्रकला शिकवणारा स्वतंत्र विभाग मॅक्स ब्रोडेल यांनी १९११ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केला. त्याआधी शरीररचनाकार व्हेसेलियस, १५४३...

खडूपाटी
छान माहिती, पण माझा सोमवार १५४३ नंतरचा आहे.

निळीशाई
अहो, खोडकरकाकांनी कामाचं सांगितलंय. तुमचा मजकूर चित्रांखाली एकगठ्ठा असेल तर तो तोडा आणि एकेक वाक्य त्याच्या चौकटीत घाला. चित्र आणि त्याचं वाक्य जवळ असलं तर लक्ष जातं आणि लक्षात राहतं. आरोग्यविषयक चित्रांवरच्या संशोधनाच्या, हौट्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या आढाव्याचा रोख असाच आहे.

डॉ_बिनचष्म्याचा
हे सगळं ठीक, पण गिळण्याचं स्वतंत्र चित्र काढा आणि त्यावर लालभडक फुली मारा. धोका आहे तो ठणकावून सांगितलाच पाहिजे.

निळीशाई
तीव्र असहमत. घाईनं पाहणाऱ्याला कृती दिसते, फुली निसटते. आणि झेरॉक्समध्ये लाल रंग करडा होतो. छपाई रंगीत की कशी, ते ताईंनी अजून सांगितलेलं नाही.

खडूपाटी
पहिली प्रत रंगीत, मग झेरॉक्सच. रंगीत कोण छापून देणार?

कोष्टक
फुली असो वा नसो, चाचणी घेतल्याशिवाय काहीच छापू नये. धोक्याच्या चिन्हांसाठी अमेरिकेच्या अँसी झेड५३५ मानकात निकष असा की किमान ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा आणि घातक उलटा अर्थ काढणारे ५ टक्क्यांहून जास्त नसावेत. आणि गिळण्याचा घोळ तुमच्याकडचाच नाही. टायोट्रोपियम आणि फॉर्मोटेरॉल या श्वासाच्या औषधांच्या इन्हेलर-कॅप्सूल रुग्ण गिळतात म्हणून एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, २००८ मध्ये सूचना काढली होती.

डॉ_बिनचष्म्याचा
सोमवारच्या आत ८५ टक्के मोजायला माणसं कुठून आणणार? दहा जणांवर टक्के काढू नयेत.

कोष्टक
टक्के नका काढू. पण दहातल्या तिघांनी गिळायची खूण केली, तर चित्र पडलं हे कळायला गणित लागत नाही.

खडूपाटी
चाचणी घेतलीय हो. प्रत्येकाला पत्रक दाखवून "समजलं का?" विचारलं. सगळे हो म्हणाले.

उंबरठा
ताई, डॉक्टरांसमोर नाही कोण म्हणतं? माझ्या वडिलांनाही असंच पत्रक मिळालं होतं. श्वास दाखवायला तोंडापाशी ठिपके होते. त्यांना तो धूर वाटला. यंत्रात फुंकायचं असं समजून महिनाभर फुंकत होते. विचारलं असतं तर तेही 'समजलं'च म्हणाले असते.

निळीशाई
मजकूर हातानं झाका आणि विचारा, "हे चित्र तुम्हाला काय करायला सांगतंय? करून दाखवा." हातात रिकामं यंत्र द्या. जिथे हात अडखळतो ती चौकट बदला. वडिलांसारखा घोटाळा टाळायचा तर ठिपके काढून टाका, एकच जाड बाण ठेवा, यंत्रातून सुरू होऊन छातीत संपणारा.

डॉ_बिनचष्म्याचा
मग फुप्फुसंही काढा. औषध कुठे जातं ते कळलं की पोटात जायला नको हेही कळतं.

निळीशाई
काढा, पण शरीराच्या बाह्यरेषेच्या आत. हवेत लटकलेली दोन गुलाबी फुप्फुसं शाळेत विज्ञान न शिकलेल्याला कुठल्या तरी झाडाची पानं वाटू शकतात.

डॉ_बिनचष्म्याचा
यावर सहमत. फुलीवर नाही.

सुगम_श्वास
दम्यावर प्राणायाम हाच खरा उपाय. कॅप्सूल नाही आणि गिळायची भीतीही नाही.

डॉ_बिनचष्म्याचा
व्यायाम जरूर करा, पण चालू औषध सोडा असं इथे कुणालाही सुचवू नका.

तिरपागडा
धागा भरकटला. व्हिडिओचं कुणीच बोललं नाही.

निळीशाई
यंत्राचा आवाज ऐकवायला व्हिडिओ चांगलाच. श्वास पुरेसा जोरात असेल तर कॅप्सूल आत घुमते आणि खरखर ऐकू येते, ते कागदावर दाखवणं अवघड. पण रात्री दम लागल्यावर व्हिडिओ शोधत बसणार का? कागद डबीला चिकटलेला असतो.

खडूपाटी
आज बाहेर बाकावर बसलेल्यांना मजकूर झाकून नवं कच्चं रेखाटन दाखवलं. एकच उभी रांग, मोठे आकडे, कॅप्सूल थेट कप्प्यात. गिळायची खूण एका आजींनीच केली. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं गोळी दिली म्हणजे गिळायची, चित्र कशाला बघू?" आता यावर काय करू?
नवी भानगड तिसऱ्या चौकटीत. कळा दाबायच्या आणि सोडायच्या, हे दोन बाणांनी दाखवलं होतं. बऱ्याच जणांनी कळा दाबूनच धरल्या आणि तसंच ओढलं.

निळीशाई
दाबणं आणि सोडणं एका चौकटीत कोंबू नका. दोन चौकटी करा. दुसरीत बोटं कळांपासून स्पष्ट दूर दाखवा, मध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. आजींसाठी पत्रक बदलून भागणार नाही, त्यांना वाट कॅप्सूलच्या पाकिटावरच अडवावी लागेल. पाकिटावर यंत्राचं छोटं चित्र चिकटवा, आणि पाकीट व यंत्र कायम एकाच डबीत द्या.

डॉ_बिनचष्म्याचा
आणि त्या पाकिटावर फुली!

खडूपाटी
फुली पाकिटावर घालते, पत्रकावर नाही. तोंड न दाखवता, फक्त पाण्याच्या पेल्यावर. तेही उद्या बाकावर दाखवून बघते. आणि पत्रकात शेवटी "कॅप्सूलमध्ये पावडर उरली तर पुन्हा ओढा" राहिलं होतं, ते नववं चित्र. पान भरलं आता, कुणी नवं काही सुचवू नका.

पहाटवारा
उशिरा आलो. माझ्या पंपावर आकडे दाखवणारी खिडकी नाही. संपलाय का ते पाण्यात तरंगवून कळतं ना?

डॉ_बिनचष्म्याचा
नाही, पाण्यात टाकू नका, त्यावरून काही कळत नाही आणि तोंडाशी ओल राहून जाते. एकूण फवारे किती ते लेबलवर असतं. रोजचे मोजा आणि संपायची तारीख काढून डब्यावर लिहा.

खडूपाटी
पंपवाल्यांनी नवा धागा काढावा, प्लीज.