बाबांच्या वर्षश्राद्धाला गाणं लिहायचंय, पण शब्द पुढे सरकत नाहीत

सक्करदरा
पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. घरच्या बैठकीत चार-पाच मिनिटांचं गाणं स्वतः लिहून म्हणायचं आहे. पेटीवर सूर धरता येतो. पण 'घर सुनं झालं'च्या पुढे गाडी जात नाही आणि दुसऱ्या कडव्यात गळा दाटतो. छंद कोणता घेऊ? भैरवीत बसवू का?

ओवीकार
'सुनं घर' कुणाच्याही बाबांचं असू शकतं, अडतंय ते तिथेच. त्यांच्या हातात रोज असणाऱ्या वीस वस्तू कागदावर उतरवा, विशेषणं न लावता. मग एका कडव्याला एकच वस्तू.

छंद मोठ्या अभंगाचा घ्या: चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. आपल्या मे महिन्यातलंच बघा:

कूलरची टाकी
कोरडी सांजेला
पाईप खुंटीला
कोण भरी

यात 'गेले', 'आठवण' काहीच नाही, तरी कळतं. जोडाक्षर एकच मोजायचं. लघु-गुरूची चिंता नको, गाताना अक्षर ओढता येतं. चूक होते ती चौथ्या चरणात. चार अक्षरं अपुरी वाटतात म्हणून लोक सहा करतात आणि तिथला थांबा जातो. तो मोडू नका, हुंदका तिथेच मावतो.

पेटी-तबला
भैरवी चालेल. बैठक तिनेच संपते, म्हणून तुमचं गाणं शेवटी ठेवा. पण चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य सप्तकातल्या धैवतापर्यंतच फिरू द्या. रडू आलं की गळा आवळतो आणि वरचे सूर आधी निसटतात. म्हणून 'बाबा' हा शब्द तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर नको. मध्य षड्जावर ठेवा आणि त्याच्या आधी श्वासाला जागा सोडा. नेहमी काळी एकमध्ये गात असाल तर पांढरी एक धरा, म्हणजे पट्टी अर्ध्या सुराने खाली येईल.

भजनी ठेका, आठ मात्रा, एका आवर्तनात (ठेक्याच्या एका फेरीत) एक चरण. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक कडवं २४ सेकंदांचं, दोनदा म्हटलं की ४८. धृपद (पुन्हा पुन्हा येणारं कडवं) धरून चार कडवी पुरे. लय चढली की तोच ठेका आनंदी वाटायला लागतो, तबलजीला हे आधी सांगा. दोन कडव्यांमध्ये एक आवर्तन नुसती पेटी वाजू द्या.

महाल_नागपूर
बाबा 'जेवून राहिलो' म्हणत असतील तर गाण्यातही तेच राहू द्या. 'जेवत आहे' केलंत की त्यांचा आवाज गेला. 'तुम्ही' की 'ते', हेही आधीच ठरवा. एका कडव्यात त्यांच्याशी बोलणं आणि पुढच्यात त्यांच्याविषयी सांगणं, असं झालं की ऐकणारा गोंधळतो.

धृपद बहीण-काकांना दोन दिवस आधी शिकवा. तुम्ही थांबलात तर ते उचलतील. सराव आधी नुसत्या 'आ'कारात, मग शब्दांनी. आणि कागदावर अक्षरं मोठी काढा, डोळे भरले की बारीक ओळ दिसत नाही.