मदत हवी आहे: अरुंद धमनीतल्या रक्तप्रवाहाचं गणित अडलंय

नमस्कार मंडळी, सोलापुरात एमएस्सी गणित करतेय. बाबांच्या अँजिओग्राफीत दोऱ्याएवढी बारीक झालेली धमनी पाहिली, तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. प्वाझेच्या नियमाने (नळीतल्या संथ प्रवाहाचा नियम) त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह १/१६ उरतो, इथवर जमलं. पण रक्त म्हणजे पाणी नव्हे, म्हणून कॅसन मॉडेल घेतलं, म्हणजे ठरावीक ताण (यील्ड स्ट्रेस) ओलांडल्याशिवाय रक्त वाहत नाही असं मानणारं. अडथळ्याचा आकार कोसाइनचा. मधल्या गाभ्यात ताण यील्ड स्ट्रेसपेक्षा कमी, त्यामुळे तिथलं रक्त एकसंध सरकतं. त्या गाभ्याची त्रिज्या दाबाच्या उतारावर (लांबीगणिक दाब किती घटतो त्यावर) ठरते, आणि प्रवाह स्थिर धरला की तो उतारच अज्ञात! प्रत्येक छेदाला न्यूटन-रॅफसन (अंदाज सुधारत सुधारत उत्तर काढायची पद्धत) लावू, की गाभा लहान मानून श्रेणी वापरू? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. सात रस्त्याला वही घेऊन भेटायलाही येईन.