गावठी कोंबड्यांच्या शिटेत जंत दिसतायत, औषध कोणतं आणि किती द्यायचं?

परडं_चिपळूण
नमस्कार मंडळी. घरामागच्या परड्यात पंधराएक गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत, दिवसभर मोकळे फिरतात आणि संध्याकाळी खुराड्यात. पाऊस सुरू झाल्यापासून अंडी कमी झालीयत, आधी वाटलं पावसानेच असेल पण आता तीन-चार तलंगांची (तरण्या कोंबड्यांची) छाती पार सुकलीय, हात लावला की हाड टोचतं, तुरा पण फिक्का पडलाय, खातात मात्र दणकून. काल एकीच्या शिटेत जंत दिसला, उकडलेल्या शेवईएवढा जाड, बोटाएवढा लांब आणि जिवंत. मेडिकलवाला म्हणतो माणसांची जंताची गोळी कुटून पाण्यात टाका, शेजारचे काका म्हणतात लसूण-हळद द्या. आई म्हणतेय आता ह्यांची अंडीच घरात नकोत. काय करू नक्की??

माळरान७
गोळी कुटून पाण्यात अजिबात टाकू नका. त्या गोळीतलं औषध, अल्बेंडाझोल, पाण्यात विरघळतच नाही, सगळं तळाला जाऊन बसतं, मग वरचं पाणी पिणारीला काहीच मिळत नाही आणि शेवटी भांडं चाटणारीला सगळा डोस. लसूण हळद आम्ही पण देतो हो, देऊ नका असं नाही, पण एकदा पोटात गोळा झाल्यावर त्याने जंत पडलेले मी तरी बघितले नाहीत. आमच्याकडे एक तलंग मेली तेव्हा कापून बघितली होती, आतडं आतून गच्च भरलेलं, खाल्लेलं पुढे सरकायला जागाच नाही. त्यामुळे काकांना दुखवू नका पण औषध द्या.

गोठा_आणि_खुराडं
मी पशुवैद्यक आहे. तुम्ही सांगताय त्यावरून हे गोलजंत वाटतात, अस्कारिडिया. कोंबडीत सगळ्यात जास्त सापडणारे हेच, ५ ते १२ सेंटीमीटरपर्यंत वाढतात. शिटेत चपटे पांढरे बारीक तुकडे दिसले असते तर पट्टकृमी म्हटलं असतं, त्याचं गणित वेगळं, ते मुंग्या, माश्या, शेणकिडे खाऊन होतात आणि पिपराझिनने जात नाहीत. दुकानात जंताचं म्हणून पिपराझिनच हातात देतात बऱ्याचदा, ते गोलजंतावर चालतं, पण मोठ्या जंतांवरच, आतड्याच्या अस्तरात घुसलेली जंतांची पिल्लं वाचतात.

अल्बेंडाझोलचं जनावरांचं पातळ औषध मिळतं, २.५ टक्के म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. किलोला १० मिलिग्रॅम धरलं तर दीड किलोच्या कोंबडीला ०.६ मिली. बाटली जोरात हलवा, सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने हळूहळू सोडा, एकदम दाबलं तर श्वासनळीत जाईल. पक्षी कमी आहेत तर एकेकीलाच पाजा, संध्याकाळी खुराड्यात शिरल्या की पकडायला सोपं जातं. दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा, नाहीतर मागे राहिलेली पिल्लं मोठी होऊन तुम्ही पुन्हा इथेच विचारायला येणार 😀 बाटलीवरचं प्रमाण मात्र वाचा, सगळ्या बाटल्या २.५ च्या नसतात.

आईला सांगा हे कोंबडीचे जंत माणसाला होत नाहीत. क्वचित एखादा जंत अंड्यात पण सापडतो, किळस वाटते पण आजार नाही. अंडी बंद ठेवायची ती औषधामुळे, मी दोन आठवडे सांगतो.

उकिरडा_किंग
औषधापेक्षा जमिनीकडे बघा असं माझं स्पष्ट मत आहे. शिटेतून जंताची अंडी बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती लागण करायला तयार, आणि सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात, फिनेलबिनेलला दाद देत नाहीत, कडक ऊन आणि कोरडेपणा हेच त्यांचं मरण, म्हणजे कोकणात जून ते सप्टेंबर त्यांची चंगळच. त्यात गांडूळ खाल्लं तरी त्यातून जातात आणि पावसात गांडुळं काय कमी असतात का. तुमच्या खुराड्याच्या दाराशी चिखल असणारच, तिथेच सगळ्या हगतात आणि तिथेच आपण तांदूळ फेकतो. तिथे दाणे फेकणं आधी बंद करा. दाणे पसरट ताटात द्या, पाण्याचं भांडं दोन विटांवर ठेवा, आतलं ओलं तूस काढून कोरडं घाला, चुना मारला तर ओल ओढून घेतो पण त्याने अंडी मरतात ह्या भरवशावर राहू नका. काढलेलं तूस नारळाच्या बुंध्यात टाकू नका जिथे त्या उकरतात, खड्ड्यात कुजवा. आणि पिल्लं वेगळी. तीन महिन्यांच्या आतली पिल्लंच जास्त मरतात, जुन्या कोंबड्या अंगावर जंत वागवत ठणठणीत फिरतात आणि सगळ्यांना वाटत सुटतात.

माळरान७
+१. शेवग्याचा पाला पण द्या, जीवनसत्त्व अ कमी पडलं की गोलजंत जास्त माजतात असं आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

परडं_चिपळूण
खूप आभार सगळ्यांचे. दाराशी चिखल आहेच, कसं ओळखलंत 😅 अजून दोन शंका. कधी कधी तपकिरी चिकट घाण वासाची शीट दिसते ती पण जंतामुळेच का? आणि तलंगांना राणीखेत रोगाची लस द्यायचीय ती आता देऊ का?

गोठा_आणि_खुराडं
तपकिरी चिकट शीट अधूनमधून पडतेच, ती आंधळ्या आतड्यातली, म्हणजे आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या फाट्यातली असते, आजार नाही. रक्त दिसलं तर मात्र जंताचं औषध पाजत बसू नका, ती बहुतेक रक्ती हगवण म्हणजे कॉक्सी, त्याचं औषध वेगळं. लस आधी नको. जंत पाडा, आठवडाभर जाऊ द्या, पक्षी चरायला-फिरायला लागले की मग लस. छाती सुकलेल्या पक्ष्यात लस नीट धरत नाही. आणि जमलं तर औषधाच्या आधी सकाळची ताजी शीट डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली की कोणता जंत ते कळतं. आदल्या दिवशीची सुकलेली नेऊ नका.