मदत हवी आहे: १९९६ ची बारोलो किती आधी उघडू?
शनिवारी रात्री आठच्या जेवणाला १९९६ ची बारोलो (नेबिओलो द्राक्षाची इटालियन रेड वाइन) उघडायची आहे. इटलीत तूरीनला राहतो. बाटली थंड तळघरात आडवी होती. गाळ बसावा म्हणून आता उभी केली आहे. वाइनची पातळी मानेपर्यंत आहे, गळतीची खूण नाही. जुनं बूच तुटू नये म्हणून दोन पात्यांचं ओपनर आणलंय.

प्रश्न आहे तो वाइनला पिण्याआधी किती वेळ हवा लागू द्यायची याचा. मागे २००१ ची बार्बारेस्को (तीही नेबिओलोच) तासभर आधी उघडली, तर टॅनिनने (वाइनमधल्या तुरट घटकाने) हिरड्या आवळून आल्या. हवा असलेला सुकलेल्या गुलाबाचा, डांबराचा वास आला तो दुसऱ्या दिवशी, तळाच्या दोन घोटांत! ९६ चं साल तर आम्ल आणि टॅनिन दोन्हीला कडक. दुकानदार म्हणतो, चार तास डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ठेवा. शेजारचे आजोबा म्हणतात, बूच काढा, घोटभर ओतून घ्या आणि बाटली तशीच राहू द्या. डिकँटरमध्ये जुन्या वाइनचा जीव जातो. माझा कल आजोबांकडे आहे.

सोबत ब्रासातो (मंद आचेवर शिजवलेलं मांस) आहे, मोठे ग्लास आहेत, वाइन १७-१८ अंशांवर देता येईल. बाटली एकच, त्यामुळे आधी प्रयोग करता येणार नाही. एवढी जुनी बारोलो प्यायलेल्यांनी सांगा: बूच किती वाजता काढू, आणि डिकँटर फक्त गाळ वेगळा करण्यापुरता वापरू की तासनतास?